मजकूर, गुण आणि मनुष्य : स्वमग्नतेच्या स्वपरीक्षणांचा आढावा

स्वमग्नता ही बालपणीच संपणारी अवस्था नसून ती जन्मभर माणसाच्या घडणीत राहते, आणि पुष्कळ माणसे तिचे नाव कानावर न पडताच मोठी होतात, नोकऱ्या करतात, संसार थाटतात व आपले इतरांशी सूर का जुळत नाहीत या प्रश्नाचे ओझे मुकाट्याने वाहतात, ही गोष्ट गेल्या तीन-चार दशकांत जसजशी मान्य होत गेली, तसतशी स्वतःची परीक्षा स्वतःच घेण्याची एक प्रथा जगभर रूढ झाली आहे. मुलाचे निदान झाल्यावर त्याच्या प्रत्येक लकबीत आपलेच बालपण ओळखणारी आई, कामाबद्दल वाखाणला जाणारा पण मधल्या सुट्टीत कोणाशी काय बोलावे हे न उमगणारा कारकून, मित्रांच्या घोळक्यात असूनही एकाकी राहिलेला विद्यार्थी, असे अनेक जण आज इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या प्रश्नावल्या उघडतात, ‘सहमत’ आणि ‘असहमत’ यांच्या रकान्यांत खुणा करतात आणि अखेरीस हाती येणाऱ्या आकड्याची, खटल्याच्या निकालाची वाट पाहावी तशी, वाट पाहतात.

परंतु त्या आकड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच यांतील बरेच जण वाटेत अडखळतात. विधान कोणत्या प्रसंगाविषयी आहे, ‘पुष्कळदा’ म्हणजे किती वेळा, ‘इतरांपेक्षा’ म्हणजे नेमके कोणापेक्षा, असे उपप्रश्न त्यांच्या मनात उभे राहतात; कोणी चिडतो, कोणी खिन्न होतो, कोणी प्रत्येक विधानाला मनातल्या मनात अटी व अपवाद जोडीत जातो. हे अडखळणे म्हणजे उत्तरदात्याचा अवाजवी काटेकोरपणा, असे समजून ते सोडून देण्याची रीत पडली आहे. मला ती रीत चुकीची वाटते. प्रश्नाचा मजकूर हा मापनाचाच एक भाग असतो, आणि त्या मजकुराशी माणसाची जी झटापट होते तिच्यात त्याच्याविषयी असे काही प्रकट होते की जे गुणांच्या बेरजेत लोपून जाते. म्हणून या प्रश्नावल्यांचा विचार करताना गुणांइतकाच मजकुराचा आणि मजकुरावरील प्रतिक्रियेचा विचार व्हावयास हवा, हे या आढाव्याचे प्रतिपादन आहे.

प्रश्नावल्यांचे कूळ

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये ज्या मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, ती मुले यथाकाल प्रौढ झाली. पण वैद्यकाचे लक्ष दीर्घकाळ बालवयापुरतेच राहिले. १९८१ मध्ये लंडनच्या लोर्ना विंग यांनी ॲस्पर्गर यांचे विस्मृतीत गेलेले काम इंग्रजी वाचकांपुढे आणले, आणि स्वमग्नता ही एकाच साच्याची अवस्था नसून तिचा विस्तीर्ण वर्णपट आहे ही कल्पना हळूहळू रुजली. बुद्धीने व वाणीने समर्थ असलेली माणसेही स्वमग्न असू शकतात हे एकदा मान्य झाल्यावर अशा प्रौढांना ओळखावे कसे, हा व्यावहारिक प्रश्न साहजिकच पुढे आला.

त्याचे सर्वांत परिचित उत्तर केंब्रिज विद्यापीठातून आले. सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’, संक्षेपाने ‘एक्यू’, ही ५० विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. सामाजिक कौशल्य, एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळविणे, तपशिलाकडे लक्ष, संवाद आणि कल्पनाशक्ती अशा पाच विभागांत प्रत्येकी १० विधाने, आणि प्रत्येक विधानापुढे निश्चित सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत व निश्चित असहमत असे चार पर्याय, ही तिची रचना. निदान झालेल्या ५८ प्रौढांची सरासरी ३५.८ आली, तर तुलनेसाठी घेतलेल्या १७४ जणांची १६.४, पहिल्या गटातील ८० टक्क्यांना ३२ किंवा अधिक गुण मिळाले, दुसऱ्यातील केवळ २ टक्क्यांना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील ‘वायर्ड’ मासिकाने सिलिकॉन व्हॅलीतील स्वमग्नतेवर स्टीव्ह सिल्बरमन यांचा लेख छापला आणि त्यासोबत ही प्रश्नावलीही वाचकांना उपलब्ध करून दिली. संशोधकांच्या दप्तरातील साधन अशा रीतीने अल्पावधीतच सर्वसामान्यांच्या हाती आले.

पुढे या कुळाचा विस्तार होत गेला. रिवा ॲरिएला रिट्वो व सहकाऱ्यांची ‘राड्स-आर’ ही ८० विधानांची श्रेणी २०११ मध्ये आली. तिच्यात भाषा, सामाजिक संबंध, इंद्रियसंवेदना व हालचाली, आणि मर्यादित आवडी असे चार विभाग असून २४० पैकी ६५ ही तिची सीमा आहे. ही श्रेणी तज्ज्ञाच्या उपस्थितीत भरावयाची आहे, असे तिच्या कर्त्यांनी योजले होते. इंटरनेटवर मात्र ती एकांतातच भरली जाते. एक्यूचीच दहा विधाने निवडून २०१२ मध्ये ‘एक्यू-१०’ तयार झाली आणि आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने प्रौढांच्या प्राथमिक छाननीसाठी तिची शिफारस केली. आपले वेगळेपण झाकण्यासाठी माणूस जे प्रयास करतो ते मोजणारी, २५ विधानांची ‘कॅट-क्यू’ ही प्रश्नावली लॉरा हल व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडली. स्वीडनच्या लीफ एकब्लाड यांची ‘ॲस्पी क्विझ’ तर इंटरनेटवरच वाढली. या सर्वांची उद्दिष्टे आणि कर्ते निरनिराळे असले, तरी एकांतात उत्तरे देणाऱ्या माणसाला त्या एकाच मालिकेतील वाटतात आणि एकीने समाधान न झाल्यास तो दुसरीकडे वळतो.

मजकुरापाशी अडखळणे

उत्तरदात्यांची पहिली तक्रार संदर्भाच्या अभावाविषयी असते. एक्यूमध्ये असे एक विधान आहे की वस्तुसंग्रहालयात जाण्यापेक्षा नाट्यगृहात जाणे मला अधिक आवडेल. हेतू उघड आहे: कथा, पात्रे व भावना यांच्याकडे ओढ आहे की वस्तू, वर्गवारी व माहिती यांच्याकडे, हे येथे पाहावयाचे आहे. परंतु महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाने या विधानाचे काय करावे? नाटकाला जाणे ही अशा घरची परंपरा असते. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक ठरलेला असतो, दिवे मालवले की कोणाशी बोलावे लागत नाही, संहिता ठरलेली असते आणि आवडते नाटक दहा वेळा पाहिले तरी तेच शब्द त्याच क्रमाने येतात. ज्याला अनिश्चित संभाषणाचा धसका आहे, अशा माणसाला नाट्यगृह हे सर्वांत सुरक्षित ठिकाण वाटणे शक्य आहे. त्याला भय असते ते मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत एखादा परिचित भेटण्याचे. उलट वस्तुसंग्रहालय म्हटले की शाळेच्या सहलीतला गोंगाट आणि रांगेत धक्के खात पाहिलेली शस्त्रे त्याला आठवतील. तो ‘नाट्यगृह’ या बाजूला खूण करील आणि त्याचा गुण जाईल. पण ज्या कारणासाठी त्याने ती खूण केली ते कारणच खरे सांगण्याजोगे होते, आणि ते नोंदविण्याची सोय त्या कागदावर नव्हती.

दुसरी तक्रार परिमाणवाचक शब्दांविषयी आहे. ‘बहुधा’, ‘सहज’, ‘पुष्कळदा’ हे शब्द बोलण्यात सैल असतात, आणि ऐकणारा ते सैलपणानेच घेईल असे बोलणारा गृहीत धरतो. ज्याची भाषा अक्षरशः अर्थ घेण्याकडे झुकते त्याला हे गृहीतक उपलब्ध नसते. ‘निश्चित’ म्हणावयास एकही अपवाद असता कामा नये, आणि अपवाद तर नेहमीच आठवतो, म्हणून तो ‘काहीसे’कडे सरकतो, मग एवढ्या ठळक गोष्टीला ‘काहीसे’ म्हणणे असत्य ठरेल म्हणून परततो. मूळ एक्यूची गुणदानपद्धती अशी आहे की ‘निश्चित सहमत’ व ‘काहीसे सहमत’ यांना सारखाच गुण मिळतो. म्हणजे ज्या निवडीपायी उत्तरदाता सर्वाधिक कष्ट घेतो, तिला मूळ हिशेबात काहीच किंमत नाही. आणि ही गोष्ट त्याला आधी कोणी सांगत नाही. त्या कष्टातून मात्र त्याच्या विचारपद्धतीविषयी एखाद्या जाणत्या तज्ज्ञाला पुष्कळ उमजले असते.

तिसरा प्रश्न नकाराचा. मला दूरध्वनीचे क्रमांक लक्षात ठेवणे फारसे जमत नाही, अशा अर्थाच्या विधानाशी असहमत होणे म्हणजे नकाराचा नकार करणे होय, आणि ज्याला ते क्रमांक उत्तम लक्षात राहतात त्याला योग्य रकाना शोधताना वाक्य दोनदा उलटवावे लागते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी एक्यूतील नकारात्मक मांडणीच्या विधानांची छाननी केली, तेव्हा ती स्वमग्न आणि अन्य उत्तरदात्यांच्या बाबतीत सारख्या रीतीने काम करीत नाहीत असे दिसून आले. मजकुराची घडण उत्तर बदलू शकते, ही उत्तरदात्यांची तक्रार केवळ मनाचा खेळ नव्हती, याला यातून आधार मिळतो.

चौथी अडचण काळाची, आणि ती ‘राड्स-आर’मध्ये विशेष तीव्रतेने जाणवते. तेथे प्रत्येक विधानापुढे आताही खरे व लहानपणीही खरे, केवळ आताच खरे, केवळ १६ वर्षांच्या आत असताना खरे, आणि कधीच खरे नाही, असे चार पर्याय असून त्यांना अनुक्रमे ३, २, १ व ० गुण मिळतात. बालपण विचारले जाते हे योग्यच आहे, कारण स्वमग्नतेच्या निदानासाठी लक्षणे विकासाच्या प्रारंभीच्या काळापासून असावी लागतात. परंतु यातील एका विधानात इंग्रजीतील प्रेमवाचक वाक्प्रचाराचा दाखला देऊन अशा वाक्प्रचारांचा अर्थ लावणे जड जाते काय, असे विचारले आहे. चाळीस वर्षांच्या सुशिक्षित माणसाने असे शेकडो वाक्प्रचार केव्हाच पाठ केलेले असतात. लहानपणी त्याने त्यांचा शब्दशः अर्थ घेतला असेल, त्यावरून वर्गात हसे झाले असेल, आणि मग शब्दकोश जवळ ठेवून त्याने ते एकेक करून शिकून घेतले असतील. आज त्याला अर्थ कळतो, म्हणून त्याने ‘केवळ १६ वर्षांच्या आत’ असे लिहावयाचे आणि तीनऐवजी एक गुण घ्यावयाचा. शिकून घेतलेली गोष्ट आणि आपोआप येणारी गोष्ट यांतील अंतर हाच अनेक प्रौढांच्या आयुष्यातला मुख्य विषय असतो, आणि नेमके त्याच अंतरासाठी स्वतंत्र रकाना नाही.

आठवणीची अडचण यालाच जोडून येते. इतर मुलांसोबत खोटे-खोटे खेळ खेळणे तुम्हाला लहानपणी आवडत असे काय, हा प्रश्न एक्यूच्या कल्पनाशक्तीच्या विभागात येतो. एखादी स्त्री म्हणेल, होय, मी भातुकली पुष्कळ खेळले. पण अधिक विचारले तर ध्यानात येईल की खोटा स्वयंपाक, खोटे पाहुणे, बाहुला-बाहुलीचे लग्न यांत तिला फारसे स्वारस्य नव्हते. पितळेची ती चिमुकली भांडी आकारानुसार रांगेत लावणे, मोजणे, पुसणे आणि पुन्हा डब्यात त्याच क्रमाने भरणे हा तिचा खेळ होता, आणि मैत्रिणींनी क्रम मोडला की ती रडत घरी जाई. ‘खेळत होते’ हे उत्तर सत्य आहे, तरीही त्यातून जे कळावयास हवे होते ते निसटले आहे. प्रश्नावली ‘काय’ विचारते. ‘कसे’ विचारण्यासाठी समोर माणूस लागतो.

आवडींच्या उदाहरणांत एका विशिष्ट उत्तरदात्याचे चित्र डोकावते, हा पाचवा आक्षेप. मोटारींचे, पक्ष्यांचे, आगगाड्यांचे प्रकार, वाहनांच्या क्रमांकपट्ट्या, आकडे व तारखा यांचे दाखले वाचून एखादी स्त्री सहज म्हणते की हे माझ्याविषयी नाही. मात्र एकाच कादंबरीकाराची सर्व पुस्तके कालानुक्रमे वाचणे, त्यांतील पात्रांच्या वंशावळ्या तयार करणे आणि त्यावाचून अन्य विषय न सुचणे हे तिच्या ध्यानी येत नाही, कारण तिच्या छंदाला समाजात वाचनाचा व्यासंग असे सन्माननीय नाव आहे. शिवाय एक्यू २००१ ची. आवाज, प्रकाश, स्पर्श, गंध यांच्या तीव्र वा मंद संवेदनेला अधिकृत निदाननिकषांत स्थान मिळाले ते २०१३ मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमपुस्तिकेची पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा. त्यामुळे गणेशोत्सवात ढोल-ताशांचे पथक गल्लीत शिरले की कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जाणाऱ्या माणसाला त्या पन्नास विधानांत आपल्या रोजच्या त्रासाचा जवळजवळ मागमूस लागत नाही.

सहावा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. दुसऱ्याच्या मनातले तुम्हाला सहज कळते काय, असे विचारताना दुसरा म्हणजे कोण, हे सांगितलेले नसते. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असा सिद्धांत मांडला की गैरसमज हा दोन्ही बाजूंचा असतो. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत हे जितके खरे, तितकेच इतरांना स्वमग्न माणूस कळत नाही हेही खरे आहे. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे माहिती पोहोचविण्याचा प्रयोग केला, तेव्हा केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळाली. हे लक्षात घेता, ‘मला माझ्यासारख्यांचे कळते, इतरांचे कळत नाही’ असे म्हणून थांबणारा उत्तरदाता प्रश्न टाळीत नसून प्रश्नातील उणीव दाखवीत असतो.

मजकुरावरची प्रतिक्रिया नेहमी तक्रारीचीच असते असे मात्र नाही. ‘कॅट-क्यू’मध्ये इतरांचे हावभाव पाहून त्यांचा सराव करणे, संभाषणाची संहिता आधी तयार ठेवणे, चेहऱ्यावर स्वारस्य दिसावे म्हणून प्रयत्न करणे अशा गोष्टींची विधाने आहेत. सर्वच माणसे हे करतात असे ज्यांनी आयुष्यभर गृहीत धरले होते, त्यांना हे प्रथमच छापील शब्दांत भेटते आणि आपल्या थकव्याचे कारण काय असावे याचा उलगडा होतो. चांगले विधान माणसाला स्वतःविषयी बोलण्यासाठी भाषा देते. प्रश्नावल्यांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

गुण काय सांगतात

आता गुणांकडे वळू. ३२ ही एक्यूची सीमा आणि त्यामागचे ८० व २ टक्के हे आकडे वाचून सामान्य माणूस असा समज करून घेतो की आपल्याला ३२ हून अधिक गुण मिळाले, त्या अर्थी आपण स्वमग्न असल्याची खात्री जवळजवळ झाली. हिशेब मात्र निराळे सांगतो. स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एक असे धरले, तर १०,००० माणसांत १०० स्वमग्न असतील आणि त्यांतील ८० जण सीमेपलीकडे जातील. उरलेल्या ९,९०० जणांचे २ टक्के म्हणजे १९८ जणही तेथेच पोहोचतील. सीमेपलीकडच्या एकूण २७८ जणांत खरोखर स्वमग्न असलेले ८०, म्हणजे सुमारे २९ टक्के. प्रश्नावलीकडे वळणारी माणसे लोकसंख्येतून सरसकट उचललेली नसतात, त्यांना काही कारणाने शंका आलेली असते, म्हणून त्यांच्या बाबतीत प्रमाण याहून बरेच अधिक असू शकते. तथापि एकटा आकडा म्हणजे निदान नव्हे, एवढे या गणिताने निर्विवादपणे सिद्ध होते.

ज्यांना आधीच शंका आहे त्यांच्यातही गुणांची परीक्षा झाली आहे. लंडनमधील एका विशेष चिकित्सालयाकडे पाठविलेल्या ४७६ प्रौढांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक्यूच्या गुणांवरून पुढील निदानाचे भाकीत करता येत नाही असे आढळले, सीमेच्या खाली राहिलेल्यांपैकी ६४ टक्के लोक प्रत्यक्षात स्वमग्न निघाले, आणि चिंताविकारामुळेही गुण वाढत असल्याचे दिसले. ‘राड्स-आर’ची कथा अशीच बोधप्रद आहे. २०११ च्या मूळ अभ्यासात ७७९ व्यक्तींवरून तिची संवेदनक्षमता, म्हणजे स्वमग्नांना ओळखण्याचे प्रमाण, ९७ टक्के व विशिष्टता, म्हणजे इतरांना वगळण्याचे प्रमाण, १०० टक्के सांगितली गेली. २०२१ मध्ये ब्रिटनमधील एका प्रौढ-सेवेत मूल्यमापनापूर्वी लोकांनी ती स्वतःच भरली, तेव्हा तिचे गुण आणि तज्ज्ञांचा निष्कर्ष यांत संबंध आढळला नाही. निदान झालेले आणि नि:शंक निरोगी अशा दोन टोकांना वेगळे करणे सोपे असते. चिंता, लक्षन्यूनता, जुने मानसिक आघात आणि स्वमग्नता यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या, मदतीसाठी आलेल्या माणसांना परस्परांपासून वेगळे करणे अवघड असते, आणि उपयोग नेमका तेथेच हवा असतो.

मजकुरातील एखाद्या शब्दाने किती फरक पडतो याचा दाखला खुद्द अधिकृत मार्गदर्शनातही मिळतो. एक्यू-१० च्या कर्त्यांनी ६ किंवा अधिक गुण ही सीमा सांगितली होती. ‘नाइस’च्या मार्गदर्शनात ती सहाहून अधिक अशी छापली गेली, आणि २०२१ मध्ये संशोधकांनी ही चूक जाहीरपणे दाखवून दिल्यावर ती दुरुस्त झाली. दरम्यानच्या काळात नेमके सहा गुण मिळविणारी व्यक्ती त्या वाक्यानुसार दाराबाहेरच राहावयाची. मोठ्या संस्थेच्या शिफारशीतील एक अक्षर जर इतके वजनदार ठरू शकते, तर सामान्य उत्तरदात्याने ‘बहुधा’ या शब्दापाशी क्षणभर थांबणे हे हट्टाचे लक्षण कसे म्हणावे?

प्रश्नावलीकर्त्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की कोणतेही एक विधान निदानासाठी नसते, प्रत्येकात त्रुटी असतेच, परंतु पन्नास विधानांच्या बेरजेत त्या त्रुटी एकमेकींना बव्हंशी छेदून जातात. आणि प्रत्येक विधानाला अटी-अपवाद जोडले तर दहा मिनिटांची प्रश्नावली दहा पानांची होईल. संशोधनासाठी, हजारो माणसांच्या समूहाचा कल पाहण्यासाठी, ही भूमिका योग्य आहे. शिवाय ज्या देशांत प्रौढांच्या मूल्यमापनासाठी दीर्घकाळ ताटकळावे लागते, तेथे घरबसल्या, विनाखर्च, कोणापुढेही संकोच न पत्करता प्राथमिक चाचपणी करण्याची सोय ही लहान गोष्ट नव्हे. मात्र समूहासाठी घडविलेले साधन एका माणसाच्या हाती निकालपत्र म्हणून पडते तेव्हा बेरजेचा युक्तिवाद अपुरा पडतो. समूहात त्रुटी एकमेकींना छेदतात, एका माणसाच्या आयुष्यात त्या त्याच्याच वाट्याला येतात.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात या प्रश्नाला आणखी पदर आहेत. फ्रीथ व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ब्रिटन, भारत व मलेशिया येथील विद्यार्थ्यांच्या एक्यू गुणांची तुलना केली, तेव्हा भारतीय व मलेशियन विद्यार्थ्यांची सरासरी ब्रिटिश विद्यार्थ्यांहून अधिक आली. यावरून भारतीय तरुण अधिक स्वमग्न असतात असा अर्थ काढणे हास्यास्पद ठरेल. विधाने ज्या समाजात लिहिली गेली त्याचे रीतिरिवाज त्यांत मुरलेले आहेत, हा निष्कर्ष अधिक सयुक्तिक आहे. एकत्र कुटुंबात ज्याला कधी एकटे राहण्याची मुभाच मिळाली नाही त्याने एकट्याने गोष्टी करण्याच्या आवडीविषयी काय सांगावे? वडीलधाऱ्यांपुढे कमी बोलणे हा जेथे सुसंस्कार मानला जातो, तेथे अबोलपणा हे लक्षण कसे ठरवावे? उलट, लग्नकार्यात कोणाला वाकून नमस्कार करावयाचा, कोणाची काय चौकशी करावयाची, जेवणाचा आग्रह किती वेळा करावयाचा, हे सारे आपल्याकडे ठरलेले असते. ज्याला उत्स्फूर्त संभाषण जमत नाही त्याला ही ठरलेली वाट तारून नेते, आणि त्याची अडचण वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही.

भाषांतराचे काम काही ठिकाणी काळजीपूर्वक झाले आहे. कोलकात्यातील संशोधकांनी मुलांसाठीची एक्यू व अन्य काही साधने हिंदी व बंगालीत आणून त्यांची उपयुक्तता तपासली आणि ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगत्वविषयक राष्ट्रीय संस्थेने ४० बाबींची भारतीय श्रेणी तयार केली असून तिच्यात ७० पासून पुढील गुण स्वमग्नता दर्शवितात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिचा उपयोग होतो. पण ती निरीक्षणावर व पालकांच्या मुलाखतीवर आधारलेली आहे, स्वतः भरावयाची नव्हे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नतेला स्थान मिळाले, हे मोठेच पाऊल होते. तथापि आपल्याकडील यंत्रणा प्राधान्याने मुलांसाठी उभी आहे. नोकरी करणाऱ्या, संसारी, मराठीतच विचार करणाऱ्या प्रौढाला शंका आली की तो इंग्रजी प्रश्नावलीकडे वळतो किंवा यंत्राने केलेल्या भाषांतराकडे, आणि मूळ मजकुरातील संदिग्धतेत भाषांतराच्या संदिग्धतेची भर पडते.

पुढची दिशा

यावर उपाय शोधले गेले आहेत, आणि त्यांतील सर्वांत आश्वासक उपाय साधा आहे: स्वमग्न माणसांना मसुदा लिहितानाच सोबत घ्यावे. अमेरिकेत क्रिस्टिना निकोलायडिस व डोरा रेमेकर यांनी उभारलेल्या ‘आस्पायर’ या सहभागी संशोधनगटाने स्वमग्न प्रौढांसह काम करून सर्वेक्षणांच्या मजकुरासाठी सूचना २०२० मध्ये प्रसिद्ध केल्या. प्रश्न कोणत्या काळाविषयी व कोणत्या परिस्थितीविषयी आहे हे आधी सांगावे, अवघड शब्दांचा अर्थ जागीच द्यावा, अलंकारिक भाषा टाळावी, पर्यायांच्या सोबत प्रमाण दाखविणारी चित्रे द्यावीत, अशा त्या सूचना आहेत. यांत विज्ञान पातळ होण्याचे भय नाही. उलट, उत्तरदात्याला प्रश्न कळला आहे याची खात्री झाल्यावाचून उत्तराला शास्त्रीय मोल कसे येईल?

प्रश्नावली भरणाऱ्या वाचकालाही मी आग्रहाने काही सांगू इच्छितो. आकडा मिळाल्यावर तेथेच थांबू नका. ज्या विधानांपाशी तुम्ही अडखळलात ती वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि का अडखळलात ते दोन ओळींत लिहा. वडीलधाऱ्यांपैकी कोणी हयात असेल तर लहानपणी तुम्ही काय खेळत होता, काय खात नव्हता, कशाने बिथरत होता हे विचारून त्याचीही नोंद करा. मग तो कागद प्रौढांच्या स्वमग्नतेचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे न्या, आणि गुणपत्रिकेआधी तो दाखवा. अडखळणे हा स्वमग्नतेचा पुरावा नव्हे. चिंतेने ग्रासलेला, परिपूर्णतेचा ध्यास असलेला, किंवा केवळ भाषेविषयी जागरूक असलेला माणूसही अडखळतो. परंतु कोण कशापाशी आणि कोणत्या कारणाने अडखळतो यात भेद असतो, आणि तो भेद जाणत्या तज्ज्ञाच्या कामी येतो. निदान झाले तर त्या नोंदींतून पुढील मदतीची दिशा मिळते. न झाले तरी ज्या त्रासाने तुम्हाला प्रश्नावलीपर्यंत आणले तो त्रास खरा असतो आणि त्याची दाद लागलीच पाहिजे.

मराठीत प्रौढांसाठी अशी प्रश्नावली एक ना एक दिवस तयार होईल, आणि ती व्हावी. तिचे कर्ते मानसशास्त्राचे जाणकार असतील यात संशय नाही. पण त्यांच्या बैठकीत मराठी बोलणारे स्वमग्न प्रौढ पहिल्या दिवसापासून असले पाहिजेत, स्त्रिया असल्या पाहिजेत, शहराबाहेरची माणसे असली पाहिजेत, आणि प्रत्येक विधानाशेजारी उत्तरदात्याच्या शेऱ्यासाठी एक कोरा रकाना असला पाहिजे. त्या रकान्यातील मजकुराची बेरीज करता येणार नाही आणि तो तपासण्यास वेळ लागेल. तरीही गुणांकन करणाऱ्याने तो वाचल्याशिवाय आकडा कळवू नये, असा नियमच त्या प्रश्नावलीच्या सूचनापत्रकात लिहून ठेवावा.